रोगनिदानाचे कोड बदलले तेव्हा: कोकणातील पंधरा खाटांच्या एका रुग्णालयाचे प्रकरण

पार्श्वभूमी

उत्तर रत्नागिरीतील एका तालुक्याच्या गावी, महामार्गापासून थोडे आत, पंधरा खाटांचे एक खाजगी रुग्णालय आहे. ते पती-पत्नी मिळून चालवतात. डॉक्टर फिजिशियन आहेत आणि मॅडम स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत. आठवड्यातून दोन दिवस एक सर्जन जिल्ह्याच्या ठिकाणाहून येतात. रात्रपाळी आणि डिस्चार्ज कार्ड लिहिण्याचे काम एका बीएएमएस डॉक्टरांकडे आहे. बिलिंग, विमा, फोन आणि नातेवाइकांच्या शंका हे सारे एक ताई सांभाळतात; त्या वाणिज्य शाखेच्या पदवीधर असून गेली नऊ वर्षे त्याच टेबलावर काम करत आहेत. मी या रुग्णालयाचे हिशेब पाहते. डॉक्टर आणि मॅडम यांच्या संमतीने हे प्रकरण लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि रकमा ठोकळ केल्या आहेत.

या रुग्णालयाचा वर्षाचा तोल पावसाळ्यावर ठरतो. मृगापासून हस्तापर्यंत डेंग्यू, लेप्टोस्पायरोसिस, जुलाब-उलट्या, सर्पदंश आणि विंचूदंश यांनी वॉर्ड भरलेला असतो. लावणीच्या दिवसांत फुरसे चावल्याचे रुग्ण येतात. एप्रिल-मे महिन्यांत आंब्याच्या कलमावरून पडून हाड मोडलेले येतात. उरलेले वर्ष मधुमेह, रक्तदाब, प्रसूती, हर्निया आणि अपेंडिक्स यांवर चालते.

खेडेगावातल्या रुग्णालयात कॅशलेस विमा, म्हणजे रुग्णाऐवजी विमा कंपनीनेच रुग्णालयाला पैसे देण्याची सोय, कितीसा असणार, असे बाहेरच्या माणसाला वाटते. कोकणात ते तसे नाही, आणि याचे कारण मुंबई आहे. मुलगा मुंबईत किंवा ठाण्यात कंपनीत नोकरीला असतो, कंपनीच्या सामूहिक पॉलिसीत त्याचे आईवडील समाविष्ट असतात आणि आईवडील राहतात गावी. वडिलांना ताप भरला की मुलगा फोनवरून कार्डाचा फोटो पाठवतो. अशा दाव्यांची संख्या या रुग्णालयात महिन्याला सरासरी २६ होती आणि पावसाळ्यात ती ३५ च्या आसपास जात असे. सरासरी बिल २८ हजार रुपयांचे धरले, तर महिन्याला सात लाखांहून अधिक रक्कम विम्याच्या मार्गाने येत होती. एकूण उत्पन्नाचा हा साधारण चौथा हिस्सा होता.

या दाव्यांत रोगाचे नाव कोडच्या रूपाने लिहावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाची दहावी आवृत्ती, म्हणजे आयसीडी-१०, १९९० मध्ये मंजूर झाली आणि १९९४ पासून सदस्य देश ती वापरू लागले. एक अक्षर, दोन अंक आणि बहुतेक ठिकाणी टिंबानंतर आणखी एक अंक अशी तिची रचना आहे. आपल्याकडे विमा नियामक प्राधिकरणाने २०१३ मध्ये आरोग्यविम्याचे अर्ज प्रमाणित केले. त्यातील रुग्णालयाने भरायच्या 'ब' भागात मुख्य निदान, सोबतची निदाने आणि केलेली प्रक्रिया यांच्या कोडसाठी रकाने आहेत. म्हणजे ही गरज नवी नव्हती. मात्र अनेक वर्षे हे रकाने कसे भरले जातात याची फारशी तपासणी होत नव्हती. ताई जुन्या सॉफ्टवेअरमधल्या यादीतून जवळचे वाटेल ते नाव निवडत असत. तापाच्या बऱ्याच रुग्णांना 'आर५०.९', म्हणजे 'ताप, कारण अनिर्दिष्ट', हा कोड लागत असे, आणि दावा मंजूर होत असे.

अडचण

रुग्णालयाचे निम्म्याहून अधिक कॅशलेस दावे एका टीपीएमार्फत, म्हणजे विमा कंपन्यांच्या वतीने दावे तपासणाऱ्या मध्यस्थ संस्थेमार्फत, जात. २०२४ च्या जूनमध्ये त्या टीपीएने आपल्या पोर्टलवरील तपासणी बदलली. आरोग्य संघटनेची अद्ययावत यादी लागू झाली, जिथे कोडमध्ये चौथे स्थान, म्हणजे टिंबानंतरचा अंक, आहे तिथे ते भरणे सक्तीचे झाले आणि कोड, डिस्चार्ज कार्डावरील निदान व प्रयोगशाळेचा अहवाल हे तिन्ही एकमेकांशी जुळले पाहिजेत अशी अट आली. २९ मे २०२४ रोजी विमा नियामकाने परिपत्रक काढून कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय देण्याचे बंधन विमा कंपन्यांवर घातले होते. माझा अंदाज असा की, माणसाने फाइल वाचण्याला वेळ उरणार नाही म्हणून यंत्राने करायची तपासणी कडक झाली असावी. रुग्णाच्या दृष्टीने ते परिपत्रक स्वागतार्हच आहे. पण त्याची पूर्वतयारी कोणी करायची याचा विचार लहान रुग्णालयांपर्यंत पोहोचला नाही.

या बदलाची सूचना मे महिन्यात एका ई-मेलने आली होती. ताईंनी ती उघडली होती. तिला चाळीस पानांची इंग्रजी यादी जोडलेली होती आणि त्यातले नेमके काय आपल्याला लागू आहे हे कुठेच लिहिलेले नव्हते.

बदल किती लहान आणि किती त्रासदायक होता हे डेंग्यूवरून कळेल. जुन्या यादीत साध्या डेंग्यूला 'ए९०' आणि रक्तस्रावी डेंग्यूला 'ए९१' हे कोड होते. आरोग्य संघटनेने पुढे ते काढून 'ए९७' हा गट आणला: धोक्याची लक्षणे नसलेला डेंग्यू 'ए९७.०', लक्षणे असलेला 'ए९७.१', तीव्र डेंग्यू 'ए९७.२'. वैद्यकीयदृष्ट्या ही विभागणी अधिक उपयोगाची आहे, कारण रुग्णाला दाखल का केले हे तिच्यातूनच समजते. रुग्णालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र अजून 'ए९०' होते.

जूनमध्ये पाठवलेल्या ३१ दाव्यांपैकी १३ क्वेरी, म्हणजे टीपीएची शंका, लागून परत आले, जुलैमध्ये ३६ पैकी १७. काही सुटले, काही नव्याने अडकले, आणि ऑगस्टअखेर ३० दावे, म्हणजे सुमारे ८ लाख ४० हजार रुपये, थांबलेले होते. पंधरा खाटांच्या रुग्णालयाला हा आकडा पेलणारा नसतो. परिचारिकांचे पगार थांबवता येत नाहीत, आणि पावसाळ्यात प्रतिसर्पविषाचा साठा ठेवावाच लागतो. औषधांच्या स्टॉकिस्टला वेळेवर पैसे दिले तर मिळणारी सूट बंद झाली आणि बँकेची ओव्हरड्राफ्टची मर्यादा पहिल्यांदाच जवळजवळ पूर्ण वापरली गेली.

आणखी एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. जुलैमध्ये लेप्टोस्पायरोसिसच्या एका रुग्णाची मंजुरी अडकली, तेव्हा रुग्णालयाने नातेवाइकांकडून १० हजार रुपये अनामत घेतली. ती रक्कम त्या घरात लावणीच्या मजुरीसाठी ठेवलेली होती, हे ताईंना नंतर कळले. कोडच्या चुकीची किंमत अखेर कोणाच्या शेतापर्यंत जाऊन पोहोचते, याचा विचार चाळीस पानांची यादी पाठवणाऱ्याने केलेला नसतो.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय सॉफ्टवेअर अद्ययावत करण्याचा होता. विक्रेत्याने नव्या कोड-सुविधेसाठी पहिल्या वर्षी ४८ हजार आणि पुढे दरवर्षी २४ हजार रुपये सांगितले. त्यावर १८ टक्के जीएसटी. रुग्णसेवा जीएसटीतून मुक्त असल्यामुळे रुग्णालयाला खरेदीवर भरलेल्या या कराची वजावट मिळत नाही, तो सरळ खर्चात जातो. ही बाब लहान डॉक्टरांच्या सहसा लक्षात येत नाही. म्हणून ४८ हजारांचा खरा आकडा ५६ हजार ६४० होता.

दुसरा पर्याय बाहेरच्या कोडरकडे काम देण्याचा. पुण्यातील एका व्यक्तीने प्रत्येक फाइलमागे १५० रुपये सांगितले. महिन्याला ३० फाइली धरल्या तर कर धरून वर्षाला सुमारे ६४ हजार. काम चोख झाले असते, परंतु प्रत्येक केसपेपर स्कॅन करून पाठवावा लागला असता, आणि जुलैमध्ये आमच्या भागात वीज व नेट यांचा भरवसा धरता येत नाही. शिवाय कोडर समोर नसला की अस्पष्ट लिहिलेल्या निदानाबद्दल तो विचारणार कोणाला, हा प्रश्न उरतोच.

तिसरा पर्याय डॉक्टरांनी वैतागून मांडला होता: कॅशलेस बंदच करावे, रुग्णाने पैसे भरावेत आणि नंतर विमा कंपनीकडून परत घ्यावेत. या पर्यायावर आम्ही बराच वेळ घालवला, कारण तो वरवर पाहता सर्वांत स्वस्त वाटत होता. पण परताव्याच्या दाव्यातही तोच 'ब' भाग रुग्णालयालाच भरावा लागतो, म्हणजे कोडचे काम सुटत नाही. फक्त दावा अडकल्याचा भार रुग्णालयाच्या खांद्यावरून रुग्णाच्या खांद्यावर जातो. आणि ज्याच्याकडे कॅशलेस कार्ड आहे तो मुलगा वडिलांना गाडीत घालून चिपळूण, कोल्हापूर किंवा थेट मुंबई गाठतो. डेंग्यूच्या किंवा सर्पदंशाच्या रुग्णाने वाटेत घालवलेले दोन-चार तास हा जिवाचा प्रश्न असतो. मॅडमनी हा पर्याय त्याच क्षणी नाकारला आणि मला तो निर्णय आजही योग्य वाटतो.

चौथा पर्याय म्हणजे रुग्णालयातल्याच माणसांनी आपल्याला लागणारी यादी आपण तयार करणे. आरोग्य संघटनेची यादी इंटरनेटवर विनामूल्य पाहता येते. त्या वेळी हा पर्याय कोणी गांभीर्याने घेतला नाही, मीही नाही. ताईंवर आधीच खूप भार आहे, एवढे म्हणून तो बाजूला पडला.

पहिला निर्णय आणि त्याची चूक

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, ओपीडी चालू असताना, दहा मिनिटांत पहिला पर्याय ठरला. विक्रेत्याने सर्व कोड अद्ययावत असल्याचे सांगितले होते, पैसे अडकत होते आणि वॉर्ड भरलेला होता. बिल माझ्याकडे आले, मी ते नोंदवले आणि एकही प्रश्न विचारला नाही. हिशेब पाहणाऱ्याने खरेदीपूर्वी विचारायचे जे प्रश्न असतात, ते त्या दिवशी मी विचारायला हवे होते.

नव्या सुविधेत हजारो कोड होते आणि ते खरोखरच अद्ययावत होते, पण ते अमेरिकेचे होते. अमेरिकेने आयसीडी-१० मध्ये आपल्या गरजेनुसार भर घालून स्वतःची आवृत्ती केली आहे. तिच्यात सुमारे ७० हजार कोड आहेत. मूळ आयसीडी-१० मध्ये ते साधारण १४ हजार आहेत. दोन्हींचे नाव जवळजवळ एकच असल्याने विक्रेत्याला कदाचित स्वतःलाही फरक माहीत नसावा. अमेरिकी आवृत्तीत डेंग्यू अजून 'ए९०' व 'ए९१' याच कोडखाली आहे, 'ए९७' तिच्यात नाही. साप चावल्याच्या घटनेसाठी मूळ यादीत 'एक्स२०' हा बाह्य कारणाचा कोड आहे, तोही अमेरिकी यादीत नाही. झाडावरून पडण्याला मूळ यादीत 'डब्ल्यू१४' आहे, तर अमेरिकी यादीत त्याच्यापुढे तीन वेळा 'एक्स' आणि मग पहिली भेट की पुढची हे सांगणारे अक्षर लागते. म्हणजे आमच्या भागातल्या नेमक्या नेहमीच्या रुग्णांचेच कोड पोर्टलशी जुळेनात.

गोंधळात भर म्हणजे, शस्त्रक्रियेच्या रकान्यात 'ब' भाग जी प्रक्रिया-संकेतावली मागतो ती मात्र मूळची अमेरिकीच आहे, सात स्थानांची. तिच्यात उजव्या आणि डाव्या बाजूच्या हर्नियाचे कोड वेगळे असतात. एकाच अर्जात निदान एका पद्धतीने आणि शस्त्रक्रिया दुसऱ्या पद्धतीने लिहायची, हे ताईंना कोणी कधी समजावून सांगितलेच नव्हते. ऑगस्टमध्ये परत येणाऱ्या दाव्यांचे प्रमाण कमी होण्याऐवजी वाढले.

काय केले

सप्टेंबरच्या सुरुवातीला मला बोलावणे आले. ७ सप्टेंबरला गणेशचतुर्थी होती. गणपतीच्या आठवड्यात ठरवून करायच्या शस्त्रक्रिया कोणी करत नाही, त्यामुळे संध्याकाळी थोडी उसंत मिळाली. तीन संध्याकाळी डॉक्टर, बीएएमएस डॉक्टर, ताई आणि मी असे चौघे फाइली घेऊन बसलो.

सर्वांत आधी आम्ही अडकलेल्या ३० दाव्यांची कारणे एकेक करून लिहिली. ११ दावे कोडच्या आवृत्तीतील फरकामुळे अडकले होते. १२ दाव्यांत कोड हा मूळ प्रश्नच नव्हता: प्रयोगशाळेच्या अहवालात डेंग्यूची एनएस१ चाचणी पॉझिटिव्ह होती आणि डिस्चार्ज कार्डावर मात्र केवळ 'ताप, प्लेटलेट कमी' असे लिहिले होते. ५ दाव्यांत उजवी-डावी बाजू किंवा प्रक्रियेचा कोड राहिला होता. उरलेल्या दोन दाव्यांत पॉलिसीचा क्रमांक चुकला होता.

ही विभागणी पाहून डॉक्टर बराच वेळ काही बोलले नाहीत. अडकलेल्या दाव्यांत सर्वांत मोठा गट कोडिंगच्या चुकीचा नव्हता, लिहिण्याचा होता. म्हणजे ते काम ताईंचे नव्हते, डॉक्टरांचे होते. राउंड संपवून निघताना, रुग्णाला घरी जायची घाई असताना, जे चार शब्द लिहिले जातात त्यांच्यावर पुढची सारी साखळी उभी असते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला. तेही याच किनारपट्टीवरचे काम, रुग्ण काळजीपूर्वक पाहून आणि नोंदवून उभे राहिलेले. डॉक्टरांनीच त्यांचे नाव काढले. नेमके लिहिणे हा विमा कंपनीसाठी करायचा उपद्व्याप आहे ही भावना त्या संध्याकाळी त्यांच्या मनातून गेली, असे मला वाटते.

त्यानंतर आम्ही आधीच्या वर्षाच्या, जून २०२३ ते मे २०२४ च्या, विमाधारक रुग्णांच्या ३१२ फाइली काढल्या आणि निदाने मोजली. वेगवेगळी निदाने ७४ निघाली. त्यातील ४२ निदानांत २८१ फाइली, म्हणजे दहातल्या नऊ, बसत होत्या. हजारो कोडचे ओझे प्रत्यक्षात ४२ ओळींचे निघाले. त्यांची एक वही केली. पहिल्या रकान्यात डॉक्टर जसे लिहितात तसे निदानाचे नाव, दुसऱ्यात आरोग्य संघटनेच्या यादीतील कोड, तिसऱ्यात त्या निदानासोबत कोणता अहवाल जोडलेला हवा याची नोंद. चौथा रकाना रिकामा ठेवला.

डिस्चार्ज कार्डाचा छापील नमुनाही बदलला. मुख्य निदान, सोबतची निदाने, बाजू आणि दुखापत असेल तर ती कशाने झाली, असे चार वेगळे चौकोन केले. बीएएमएस डॉक्टरांनी वहीतील ओळीचा क्रमांक कार्डावर लिहायचा, ताईंनी तो कोड भरायचा आणि डॉक्टरांनी कार्ड वाचूनच सही करायची, असे ठरले. सुरुवातीला डॉक्टरांचे म्हणणे ताईंनीच केसपेपर वाचून ओळ निवडावी असे होते. ताईंनी त्याला स्पष्ट नकार दिला. निदान ठरवणे हे माझे काम नाही आणि उद्या चूक निघाली तर जबाबदारी माझ्यावर येऊ नये, असे त्या म्हणाल्या. तो नकार सर्वांच्याच हिताचा ठरला.

याच बैठकांत सर्वांत अवघड प्रश्न पुढे आला. रुग्णाला ताप आहे, प्लेटलेट घसरत आहेत, लक्षणे डेंग्यूसारखी आहेत, पण चाचणी निगेटिव्ह आहे. 'ए९७.१' लिहिले तर दावा सहज मंजूर होण्याची शक्यता, 'आर५०.९' आणि प्लेटलेट कमी असल्याचा 'डी६९.६' लिहिला तर दाखल करण्याची गरज होती का, अशी क्वेरी येण्याची शक्यता. अडकलेल्या पैशांच्या दडपणाखाली माणूस इथे वाकू शकतो. डॉक्टरांनी ठरवले की जे सिद्ध झालेले नाही ते निदान म्हणून लिहायचे नाही. त्याऐवजी दाखल का केले याचे कारण, म्हणजे प्लेटलेटचे आकडे, रक्तदाब, उलट्या, पोटदुखी, कार्डावर तारखांसह लिहायचे. या निर्णयामुळे काही दाव्यांत कपात सोसावी लागेल हे त्यांना माहीत होते.

परिणाम

तीसही दावे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुरुस्त करून पुन्हा पाठवले. दिवाळीपर्यंत २४ दाव्यांचे पैसे पूर्ण आले, ४ दाव्यांत मिळून सुमारे ३१ हजारांची कपात झाली आणि ६१ हजारांचे २ दावे कायमचे नामंजूर झाले. नोव्हेंबरमध्ये २२ पैकी ३ दावे परत आले. खरी परीक्षा पुढच्या पावसाळ्याची होती: जुलै २०२५ मध्ये ३४ पैकी ५ परत आले, आणि तेही दहा दिवसांच्या आत मार्गी लागले. या काळात कोणत्याही विमाधारक रुग्णाकडून कोडच्या कारणाने अनामत घ्यावी लागली नाही.

एक फायदा कोणी अपेक्षिलेला नव्हता. कोल्हापूरला किंवा मुंबईला रुग्ण हलवताना द्यायचे पत्र आता डिस्चार्ज कार्डाच्याच चौकटीत लिहिले जाते, आणि पुढच्या रुग्णालयातून निदान विचारणारे फोन कमी झाले आहेत.

खर्चाचा हिशेब

पहिल्या वर्षाचा हिशेब असा लागला. सॉफ्टवेअर ५६ हजार ६४०. ओव्हरड्राफ्टवर तीन महिन्यांचे व्याज सुमारे २२ हजार. स्टॉकिस्टची बुडालेली सूट १४ हजार. नामंजूर दावे आणि कपात मिळून ९२ हजार. ताईंचे काम वाढले म्हणून त्यांना महिना अडीच हजारांची वाढ दिली, ती वर्षाला ३० हजार. एकूण सुमारे २ लाख १५ हजार. यात सॉफ्टवेअरचा वाटा जेमतेम पाव भाग आहे, आणि बैठकीत 'खर्च' म्हणून चर्चा झाली होती ती फक्त त्याचीच. पावसाळ्यात डॉक्टरांची रोजची वीस-पंचवीस मिनिटे कार्डे वाचण्यात जातात, तीही यात धरलेली नाहीत. याखेरीज टीपीए रक्कम देताना दहा टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला आयकर, कापतो. तो खर्च नव्हे, विवरणपत्रात तो जमेला मिळतो, पण अडचणीच्या महिन्यांत हातात येणारी रक्कम त्यामुळे आणखी घटते.

खर्च म्हणून काय मोजायचे यावर आकडा किती बदलतो याचे मोठे उदाहरण अमेरिकेचे आहे. तिथे आयसीडी-९ वरून आयसीडी-१० कडे जाण्याची तारीख २०१३ वरून २०१४ आणि मग २०१५ वर ढकलली गेली. अखेर १ ऑक्टोबर २०१५ रोजी बदल झाला. वैद्यकीय संघटनांनी करवून घेतलेल्या २००८ च्या अभ्यासात तीन डॉक्टरांच्या दवाखान्याचा खर्च ८३ हजार २९० डॉलर धरला होता, आणि २०१४ मध्ये तो अंदाज सुधारून लहान दवाखान्यासाठी ५६ हजार ६३९ ते २ लाख २६ हजार १०५ डॉलर असा दिला गेला. त्याच वर्षी दुसऱ्या एका अभ्यासाने लहान दवाखान्याचा खर्च १ हजार ९६० ते ५ हजार ९०० डॉलर इतकाच सांगितला. एका बाजूने अडकणारे पैसे आणि घटणारे काम मोजले होते, दुसऱ्या बाजूने प्रामुख्याने प्रशिक्षण आणि साधने. आमच्या हिशेबात फक्त सॉफ्टवेअर धरले असते, तर आमचाही आकडा असाच लहान दिसला असता.

त्या बदलातली आणखी एक गोष्ट आपल्याकडे यायला हवी. जुलै २०१५ मध्ये तिथल्या मेडिकेअर या सरकारी आरोग्यविमा यंत्रणेने जाहीर केले की, डॉक्टरांच्या दाव्यात कोड योग्य गटातला असेल तर केवळ तो पुरेसा नेमका नाही म्हणून पहिले बारा महिने दावा नाकारला जाणार नाही. आमच्या रुग्णालयाला अशी तीन महिन्यांची जरी सवलत मिळाली असती, तरी व्याज, सूट आणि ती लावणीच्या मजुरीची अनामत हे तिन्ही टळले असते.

काय वेगळे करता आले असते

सॉफ्टवेअर घेण्यापूर्वी विक्रेत्यासमोर बसून आपलेच दहा जुने केसपेपर त्याला भरायला सांगायला हवे होते. डेंग्यूचा पहिलाच कागद भरताना 'ए९७' सापडला नसता आणि प्रश्न तिथेच उघडा पडला असता. एवढ्या तपासणीला अर्धा तास पुरला असता.

मे महिन्यातला ई-मेल आला तेव्हा टीपीएला लेखी विचारायला हवे होते की कोणती आवृत्ती, कोणत्या तारखेपासून, आणि सुधारणेसाठी किती मुदत. उत्तर आले नसते तरी पुढे वाद घालायला हातात कागद राहिला असता. नामंजूर झालेल्या दोन दाव्यांत आमची बाजू नेमकी तिथेच लंगडी पडली. शक्य असते तर आगोटीच्या आधीच, वॉर्ड रिकामा असताना, फाइलींची मोजणी करायला हवी होती. जी मोजणी आम्ही सप्टेंबरमध्ये तीन संध्याकाळी केली ती एप्रिलमध्येही तीन संध्याकाळीच झाली असती.

बाहेरच्या कोडरचा पर्याय एकट्या रुग्णालयाला महाग पडतो हे खरे, पण तालुक्यात अशी सहा-सात रुग्णालये आहेत आणि सर्वांचे रुग्ण सारखेच आहेत. सर्वांची मिळून एक वही झाली असती तर प्रत्येकाने ऑगस्टची झळ वेगळी सोसली नसती. डॉक्टरांनी आता स्थानिक डॉक्टरांच्या संघटनेत हा विषय मांडला आहे आणि दोन रुग्णालयांनी वहीची प्रत नेली आहे.

वहीतला चौथा रकाना रिकामा ठेवण्याचे कारण आयसीडी-११ हे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ही आवृत्ती मे २०१९ मध्ये स्वीकारली आणि १ जानेवारी २०२२ पासून ती अमलात आली. तिच्यात कोडचे रूपच वेगळे आहे: प्रकार दोनच्या मधुमेहाला '५ए११', उच्च रक्तदाबाला 'बीए००', धोक्याची लक्षणे नसलेल्या डेंग्यूला '१डी२०'. विम्याच्या पोर्टलवर ती येईल तेव्हा वहीतले निदानाचे शब्द तसेच राहतील आणि फक्त एक रकाना भरावा लागेल, अशी तिची रचना केली आहे.

दोन गोष्टी अजून सुटलेल्या नाहीत. सॉफ्टवेअरच्या नूतनीकरणाचे कर धरून २८ हजार ३२० रुपये दरवर्षी द्यायचे की जुनीच बिलिंगची सुविधा ठेवायची, यावर डॉक्टर आणि मॅडम यांचे एकमत झालेले नाही. विक्रेत्याने मूळ यादी घालून देण्याचे कबूल केले आहे, पण तारीख दिलेली नाही. दुसरी गोष्ट ताईंची. हे सारे काम आज त्यांना एकटीलाच येते, आणि येत्या मे महिन्यात मुलीच्या लग्नासाठी त्या महिनाभर रजेवर असतील. म्हणून दर शनिवारी दुपारी त्या एका तरुण परिचारिकेला वही घेऊन शेजारी बसवतात. गेल्या शनिवारी तिने पाच फाइली स्वतः भरल्या आणि त्यातली एक ताईंनी परत केली, कारण हर्नियाची बाजू लिहायची राहिली होती.